पोच न आलेला निरोप

जेवण उरकून वर जायला दोघं लिफ्टपाशी उभी होती. गोमटेशनं बटण दाबलं. लिफ्ट वरच कुठंतरी अडली होती, म्हणून त्यानं पुन्हा दाबलं, मग अंगठ्यानं दाबलं, मग तळहाताच्या बुडानं लागोपाठ दाबत राहिला, आणि तोंडानं बहिणीच्या लग्नातल्या पंगतीचं सांगत होता. आपला हात काय करतोय याचा त्याला पत्ताच नव्हता. संयोगिता रोज त्याला हसायची. शेतकऱ्यांचे फोन घेऊन घेऊन तूही त्यांच्यासारखा झालास, म्हणायची. आज ती हसायला गेली आणि तिची नजर त्या हातावरच अडकली. तो दाबत राहणारा हात तिनं आयुष्यभर पाहिला होता. दाराची बेल, बँकेतलं नंबराचं यंत्र, सिग्नलला पुढच्याच्या पाठीवर वाजणारा हॉर्न; या गावात एकदा दाबून गप उभा राहणारा माणूस जन्माला आला असेल तर तो तिला अजून भेटला नव्हता. तिचे वडील, आबा, तिला फोन करायचे तेही असेच, दोन रिंगा झाल्या की तोडायचे आणि पुन्हा लावायचे. पिराजीकाकाही तसाच होता. त्यानंही त्या सकाळी असंच दाबलं असणार. लिफ्ट आली, दार उघडलं, गोमटेश आत गेला आणि "येताय न्हवं?" म्हणून बघत राहिला. ती बाहेरच उभी राहिली. पिराजीकाका कसा मेला ते तिला आत्ता कळलं होतं.

संयोगिता ज्या कंपनीत होती ती कंपनी फोनवरून चालू-बंद करता येणारा स्टार्टर बनवायची. मोटरघराच्या भिंतीवर एक डबा, डब्यात मोबाइलचं कार्ड. घरात बसून फोनवर 'चालू' दाबायचं, की नदीवर मोटर चालू. कसबा बावड्याच्या खालच्या अंगाला नदीकाठी तिच्या भावकीची मिळून एक मोटर होती, तिलाही हा डबा बसला होता आणि तो तिच्याच शब्दावर बसला होता. पिराजी आबांचा चुलतभाऊ, आबांपेक्षा थोडा थोरला. महिन्यापूर्वी त्या सकाळी त्यानं मोटर लावली, पाणी येईना म्हणून पाइपाच्या तोंडाची जाळी साफ करायला तो नदीत उतरला. जाळीत केंदाळ, नदीवर माजलेली जलपर्णी, अडकायचं, ते हातानं ओढून काढावं लागायचं; हे काम पाळीप्रमाणं सगळेच करायचे. केबलचा एक जोड पाण्यात लोंबत होता, त्यावरची टेप सुटली होती. लोक धावत आले तेव्हा मोटर चालू होती आणि काका केंदाळात पालथा होता. सगळ्यांनी एकच निदान केलं, मोटर बंद न करता उतरला. कंपनीतही तेच झालं. तिचा साहेब विश्वजित, त्यानं सर्व्हर उघडून शेवटची नोंद तेवढी बघितली; त्या मोटरीला गेलेला शेवटचा निरोप 'चालू'चा होता. "वाईट झालं, पण आपल्याकडनं काही नाही," तो म्हणाला, आणि तिनं मान हलवली. मान हलवताना तिला हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याची तिला आता शिसारी आली.

ती जिन्यानं वर जाऊन टेबलाशी बसली. तिचं काम तपासणीचं. शेतकऱ्याचा फोन आणि कंपनीचा सर्व्हर यांच्यात जे बोलणं चालतं ते नीट चालतंय का, एवढंच बघायचं. त्यासाठी एक टूल होतं. टूलनं फोनचं सोंग घ्यायचं, सर्व्हरला म्हणायचं, अमक्याची मोटर चालू कर. सर्व्हरनं म्हणायचं, 'स्वीकारले'. की पट्टी हिरवी. काही बिनसलं तर लाल. नोकरीच्या पहिल्या वर्षी या हिरव्याचं तिला वेड लागलं होतं. पट्ट्या ओळीनं हिरव्या होत खाली सरकायच्या आणि तिला उसाची सरी भरत पुढं जाणारं पाणी आठवायचं. 'स्वीकारले' म्हणजे 'झाले' नव्हे, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सर्व्हरच्या दारापलीकडं टूलला जाताच यायचं नाही. पलीकडं नदी होती, उसाआड रेंज जाणारं वळण होतं, ओल धरलेल्या भिंतीवरचा डबा होता. तपासणीत त्या डब्याच्या जागी एक नकली डबा ठेवलेला असे. डबा कसला, पाच-सहा ओळींचा मजकूर. काहीही सांगा, तत्काळ 'मिळाले' म्हणायचा. तो तिनंच लिहिला होता. त्याची रेंज कधी गेली नाही, त्याला कधी उशीर झाला नाही, त्याच्यापाशी कधी कुणी पाण्यात उतरलं नाही.

आणि सर्व्हरला एक शहाणपण शिकवलेलं होतं. डब्याकडून पोच आली नाही तर निरोप टाकून द्यायचा नाही. जपून ठेवायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा पाठवायचा. शेतकऱ्याचं पाणी चुकू नये म्हणून. मीटिंगमध्ये हे ठरलं तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली होती, तिनंही केली होती. आता तिनं डोळे मिटून ती सकाळ मांडून बघितली. काकानं 'चालू' दाबलं. डब्याला रेंज नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. त्यातला एक निरोप पोचला आणि मोटर लागली. बाकीचे पोच न येता मागं राहिले. पाणी येईना म्हणून काकानं 'बंद' दाबलं. हा निरोप नेमका लगेच पोचला. मोटर थांबली. फोनवर 'बंद' दिसलं. काका धोतर खोचून उतरला. मग सर्व्हरनं, कुणाचं काही चुकू नये म्हणून, मागं राहिलेला एक 'चालू' पुन्हा पाठवला.

तिनं टूल उघडून तेच करून बघायला घेतलं. 'चालू' पाठवलं, हिरवं. पुन्हा पाठवलं, हिरवं. भराभर पाठवत राहिली. पण टूल शिकलेल्या घरातल्या पोरासारखं वागत होतं, एक विचारायचं, उत्तराची वाट बघायचं, मगच दुसरं विचारायचं. शेवटी 'बंद', तेही हिरवं. मग ती काही न करता बसून राहिली आणि टूलही काही न करता बसून राहिलं. काही न करण्याची तपासणी त्याला येत नव्हती. काम झालं की ते सर्व्हरकडं पाठ फिरवायचं, त्यानंतर मागून कुणी काय केलं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पडद्यावर वरपासून खालपर्यंत सगळं हिरवंगार होतं, आणि त्या हिरव्याकडं बघताना तिला नदीवरच्या केंदाळाचा वास आला, कुजका, गोडसर. तिनं तोंडावर हात धरला. गोमटेश पलीकडून विचारत होता, "बरं वाटंना व्हय?" तिनं कपाटातला नमुन्याचा खरा डबा काढला, बॅटरीवर चालणारा, मोटरीऐवजी तांबडा दिवा जोडलेला, आणि तो काखोटीला मारून ती खाली गेली.

इमारतीच्या तळघरात पार्किंग होतं आणि उतारावर रेंज येत-जात असायची. तिनं डबा आतल्या खांबाच्या आड ठेवला, स्वतः वर उजेडात येऊन उभी राहिली आणि काकासारखं दाबलं. एकदा दाबून थांबली, मग थांबवेना म्हणून पुन्हा, पुन्हा. दिवा लागला नाही. खाली जाऊन डबा पायानं जरासा उताराकडं सरकवला. खट् झालं, दिवा लागला. तिनं 'बंद' दाबलं. दिवा विझला. फोनवर 'बंद'. मग तिनं फोन पिशवीत टाकला आणि दोन्ही हात मागं घेऊन ती भिंतीला टेकून उभी राहिली. वॉचमन बाळासो खुर्चीवरून हे सगळं बघत होता. एवढा वेळ गेला की त्यालाही राहवलं नाही, तो उठून जवळ आला आणि तेवढ्यात डब्यात खट् झालं. तांबडा दिवा लागला.

"मॅडम, तुमी तर हात बी लावला न्हाई. आपोआप लागला की."

"व्हय," ती म्हणाली.

"बिघडलाय वाटतं."

"न्हाय हो मामा, बिघडला न्हाय. सांगितलंय तसंच करतोय."

विश्वजितनं तिचं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला होता. पण मग त्यानं टेबलावरचं पेन उचललं आणि ते फिरवत म्हणाला, "टूलमध्ये लाल करून दाखव."

"टूलमध्ये येत नाही. टूल उत्तराची वाट बघतं. आपली माणसं वाट बघत नाहीत."

"मग मी वर काय सांगू? पार्किंगमध्ये दिवा लागला म्हणून?"

"माणूस मेलाय म्हणून सांगा."

त्यानं दाराकडं बघितलं. "हळू बोल. पुढच्या महिन्यात नवीन व्हर्जन येतंय, त्यात घालू हे. आत्ता सगळीकडचं पुन्हा पाठवणं बंद केलं तर लोकांच्या पाळ्या बुडतील, बोंब होईल. तोवर पाण्यात उतरू नका असा सगळ्यांना मेसेज टाकू."

"तो मेसेजपण त्याच रेंजनं जाणार, साहेब."

"संयोगिता, हे पास कुणी केलंय?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, उलट समजावणीचा होता. "तुझं नाव आहे त्यावर. जरा विचार कर."

ती बाहेर आली. गोमटेशला तिनं मोजक्या शब्दांत सांगितलं. त्यानं एकदा विश्वजितच्या बंद दाराकडं बघितलं, हेडफोन कानाला लावला आणि पहिला नंबर फिरवला. "पावणं, कंपनीतनं बोलतोय. पाण्यात उतरायच्या आधी फ्यूज काढत चला. फोनवर बंद दिसलं तरी काढायचा. व्हय, तरीबी." मग फोनवर हात ठेवून त्यानं सहज विचारलं, "तुमच्याकडं आज पाळी कुणाची?" आज पाळी आबांची होती. तिनं फोन लावला. रिंग वाजत राहिली. तिनं तोडला, पुन्हा लावला, पुन्हा तोडला, पुन्हा लावला, आणि तशीच स्कूटरची किल्ली घेऊन निघाली.

लाइन बाजार ओलांडेपर्यंत तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. पूर्वी नदीत उतरणारा माणूस आधी मोटरघरात जायचा, तिन्ही फ्यूज उपटायचा आणि कनवटीला लावून मगच पाण्यात पाय घालायचा. फ्यूज ज्याच्या कमरेला, जीव त्याच्या हातात. लहानपणी काठावर बसून तिनं हे कितीदा पाहिलं होतं. आबा पाण्यातून वर यायचे तेव्हा ते चिनीमातीचे पांढरे फ्यूज धोतराच्या ओल्या गाठीतून काढायचे आणि तिच्या हातात द्यायचे, वाळव म्हणायचे. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं, सगळे तसंच करायचे. डबा बसवला त्या दिवशी भावकी जमली होती. डब्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि आबांनी तिला पुढं ढकललं, सांग म्हणाले सगळ्यांना. तिनं सांगितलं. आता मोटरघराची पायरी चढायचं काम नाही, म्हणाली. बंद आहे की नाही ते फोनच सांगेल. पिराजीकाका हसून म्हणाला होता, "परीक्षा घेणाऱ्या बाईच म्हणत्यात म्हटल्यावर खरंच की." त्या दिवसापासून फ्यूज कुणी काढले नाहीत. हे सगळं तिला तोंडपाठ होतं, आणि तरी महिनाभर तिनं ते एका जागी ठेवून पाहिलं नव्हतं. सिग्नलला थांबल्यावर तिनं फोन काढला. भावकीची मोटर तिच्याही फोनवर दिसायची. 'मोटर बंद.' हिरव्या अक्षरात. तिचं बोट आपसूक 'बंद'वर गेलं, खात्रीसाठी अजून एकदा, आणि काचेच्या केसभर वर थबकलं. आपण दाबलं तर काय होईल हे तिला सांगता येत नव्हतं. न दाबलं तर काय होईल हेही नाही. ज्या गोष्टीची तपासणी करून ती पगार घेत होती त्या गोष्टीबद्दल तिला काहीएक ठाऊक नव्हतं. मागचा हॉर्न वाजवत राहिला, वाजवत राहिला.

शेतातल्या पाणंदीनं स्कूटर जाईल तिथवर घातली आणि पुढं ती पळत गेली. आबा छातीएवढ्या पाण्यात उभे होते आणि केंदाळाचे झुबके ओढून मागं टाकत होते. केबलचा जोड तसाच लोंबत होता, वर नवी काळी टेप. ती त्यांना हाक मारायला थांबली नाही. मोटरघरात शिरली, खटका खाली ओढला, तिन्ही फ्यूज उपटले. मग ती पायरीवर बसली. फ्यूज मांडीवर धरले होते आणि ते गार होते.

"आबा, भाईर या."

"आगं, तू हितं कशी? रजा हाय व्हय आज?"

"आधी भाईर या."

"मोटर बंद हाय की!" आबा हसले. "फोन बघ, त्या सदऱ्याच्या खिशात हाय. तू तपासलंयस न्हवं? मग झालं तर."

काय उत्तर द्यायचं ते तिनं वाटेत कितीतरी प्रकारे जुळवलं होतं. त्यातलं काहीच आता आठवलं नाही. "मी तपासलेलं खरं न्हाय, आबा," ती म्हणाली.

आबा काठावर आले. पाइपावर बसले. तिनं सांगितलं ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं. सर्व्हर, पोच, पुन्हा पाठवणं, यातलं त्यांना किती कळलं कोण जाणे, पण मेलेल्या माणसाचा निरोप माघारी आला एवढं कळलं. मधे त्यांनी एकदा पाण्याकडं बघितलं आणि पाय वर घेतले. आपण आत्ता कुठून उठून आलो हे त्यांच्या ध्यानात येत होतं. त्यांच्या तोंडावर भीती दिसेल असं तिला वाटलं होतं. भीती नव्हती. तिच्या लहानपणी एकदा बाजारात त्यांनी चुकून दुसऱ्याच्याच म्हशीचं दावं धरून चार माणसांत भांडण काढलं होतं, तेव्हा चूक कळल्यावर जसे खजील झाले होते तसे ते आता झाले होते.

"मी शालूवैनीच्या दारात जाऊन बोललोय," ते म्हणाले. "भरल्या घरात. ती म्हणत हुती, त्या डब्याचंच काय तरी झालं असंल, आमचं माणूस एवढं येडं नव्हतं. समदी गप बसली. मीच उठलो. म्हणालो, माझ्या पोरीनं पास केल्याबिगर यंत्र भाईर पडत न्हाय. चूक तुझ्या नवऱ्याची हाय, म्हणालो. तोंडावर."

आपल्याला हे महिनाभर कुणी सांगितलं नाही, असं ती म्हणू शकली असती. पण सांगितलं असतं तरी महिनाभर तिला त्याचा अभिमानच वाटला असता, आणि हे तिला त्या पायरीवर बसल्या बसल्या लख्ख कळलं. ती रडायला लागली. आबांनी तिला गप केलं नाही. त्यांनी सदरा अंगात घातला, ओल्या अंगावरच, फोन खिशातून काढून पाइपावर ठेवून दिला आणि म्हणाले, "चल."

"कुठं?"

"मी बोललोय तिला. आता तू बोल."

पिराजीकाकाची बायको शालूबाई घरामागच्या परड्यात म्हशीला वैरण टाकत होती. ओलेते आबा आणि त्यांच्या मागं संयोगिता, हातात अजून ते फ्यूज, अशी दोघं दारात आलेली बघून तिला वाटलं पुन्हा काहीतरी झालं. "काय झालं, भावजी?" तिनं विचारलं. आबा म्हणाले, "वैनी, ही सांगंल," आणि गोठ्याच्या खांबाला धरून उभे राहिले. संयोगितानं सांगितलं. टूल आणि सर्व्हर सगळं गाळून सांगितलं. काकानं सुरुवातीला दाबलेलं मागाहून पोचलं. डब्याचा दोष. आम्ही बनवला, मी तपासला, मला दिसला नाही. शालूबाईच्या हातात वैरणीची पेंढी होती. म्हैस मान लांब करून ती ओढत होती आणि शालूबाई सोडत नव्हती.

"म्हंजे त्यांनी बंद केलतं?"

"व्हय काकी. बंद करूनच उतरला काका."

"फोनवर बंद दिसत हुतं?"

"व्हय."

शालूबाईनं आबांकडं बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तुमी म्हणालासा म्हणून मी मानलं, भावजी," ती म्हणाली. "तवापास्नं रोज सकाळी फोटोम्होरं हुबं ऱ्हाऊन शिव्या देतोय त्यास्नी. एवढं वय झालं, साधी मोटर बंद करायचं ध्यानात ऱ्हायलं न्हाय व्हय तुमच्या, मला अशी वाऱ्यावर टाकून गेलासा, म्हणून. आज बी दिल्या."

म्हशीनं पेंढी ओढून नेली. शालूबाईनं रिकाम्या हातांकडं बघितलं, मग पदराला हात पुसून ती घरात गेली. तिनं दार लावून घेतलं, आतून कडी घातली, आणि बंद दाराआड ती फोटोतल्या माणसाशी हळू आवाजात बोलायला लागली.